मी शिल्लकचा नव्हतो

मी टीव्हीवर खेळायच्या गेमचा दुसरा रिमोट बोलतोय. माझं बोलणं सावकाश आहे, घाई करू नका. रागावणं हा माझा स्वभाव नाही. पण एक राग पाच वर्षं पोटात धरून आहे, तो आज सांगतो.

आम्ही दोघं रिमोट एकाच डब्यातून आलो. पहिल्यावर खेळ सुरू करायचं बटण आहे, माझ्यावर नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हा खेळच तसा बनवलेला. पडद्यावर दोन माकडं, एक लहानगं, एक मोठं. लहानगं चालतं पहिल्या रिमोटवर, म्हणजे लेकराच्या हातानं. मोठं चालतं माझ्यावर, म्हणजे आईच्या नाहीतर बापाच्या हातानं. लेकरानं सुरू करायचं, मोठ्यानं मागून जायचं. भिंत आली की मोठ्यानं वाकून खांदा द्यायचा. लहानग्यानं वर चढून वेल खाली सोडायची, मग मोठ्यानं त्या वेलीनं वर यायचं. एकट्याला भिंत चढताच येत नाही. डब्यावर चित्रही होतं, बाप आणि लेक चटईवर बसलेले, दोघांच्या हाती एकेक रिमोट. चित्र वाचायला काही शाळा लागत नाही.

चौऱ्याण्णव साली यशवंतरावांनी आम्हाला आदिलाबादला घरी आणलं. कापूस बाजाराजवळ त्यांचं मोटारपंपाच्या स्पेअरचं दुकान. डबा उघडला, मला हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "देवका, हा शिल्लकचा दिसते. तो बिघडला तं कामी येईन. ठेव शोकेसमंधी."

झालं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला काचेआड ठेवलं. एका बाजूला चिनीमातीचा ससा, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी लग्नात मिळालेलं घड्याळ. टीव्ही समोरच होता, म्हणून सगळं दिसायचं.

राही तेव्हा सहा वर्षांची, त्यांची एकुलती एक. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि खेळ लावायची. लहानगं माकड टुणटुण उड्या मारत भिंतीपर्यंत जायचं. मोठं माकड मागं तसंच बसून राहायचं, नुसते डोळे मिचकावत. त्याला चालवणारा मी पिशवीत. राही उडी मारायची, पडायची. पुन्हा उडी, पुन्हा पडायची. महिना झाला, दोन महिने झाले, भिंत तीच.

यशवंतराव पेपरातून मान वर करायचे. "काऊन व, अजून तिथंच? शेजारच्या माणिकरावची पोरगी पाह्य, कुठच्या कुठं गेली त्या गेममंधी."

"बाबा, तुमी बसा ना माह्याजवळ."

"मी काय लेकरू हाओ? डोकं लाव जरा. मठ्ठ कुठची!"

पाहुणे आले की हेच यशवंतराव छाती फुगवून सांगायचे, "पोरीले गेम घेऊन देला. हैदराबादचा हाय." आणि पोरगी पाहुण्यांसमोर त्याच भिंतीवरून पडायची. पाहुणे हसायचे. मी काचेआड जळायचो.

पुढं पुढं राहीनं पडायचंही सोडलं. भिंत आली की रिमोट खाली ठेवायची आणि म्हणायची, "मले नाही येत." मग हे वाक्य तिच्या तोंडीच बसलं. पाढे म्हण म्हटलं, "मले नाही येत." शाळेतलं तेलुगू वाच म्हटलं, "मले नाही येत." एका भिंतीपायी ते लेकरू स्वतःला मठ्ठ समजायला लागलं. आणि भिंतीवर चढवणारा मी तिच्यापासून दोन हातांवर होतो!

एकदा टीव्ही बिघडला. दुरुस्तीला फकिरा आला. टीव्ही लावून पाहताना त्यानं खेळ सुरू केला, दोन माकडं पाहिली आणि विचारलं, "साब, दुसरा रिमोट किधर है?"

"वो? स्पेअर में रखा है."

फकिरा पोट धरून हसला. "अरे साब, ये स्पेअर नहीं है! बच्ची को एक, तुमको एक. ये तुम्हारा है."

त्यानंच मला पिशवीतून काढून मशीनला जोडलं. राही बापाकडं पाहत राहिली. यशवंतराव कानामागं खाजवत म्हणाले, "बरं, बसू उद्या."

न कळून झालेली चूक मी पोटात घातली असती. पण आता तर कळलं होतं ना? तरी तो उद्या दुसऱ्या दिवशी आला नाही, पुढच्या आठवड्यातही आला नाही. माझा राग खरा तिथून सुरू होतो.

शेवटी एका दुपारी राहीनं आईला ओढत आणलं.

"मले काय समजते त्यातलं? माह्ये हात पिठाचे हायेत."

"पुसून घे ना व! हे दाबलं का वाकते, हे दाबलं का उडते."

देवकाबाईंनी पदराला हात पुसले आणि मला धरलं. पहिल्यांदा मला खेळणाऱ्या हाताची ऊब लागली. वाकायच्या ठिकाणी त्यांनी उडी मारली, मोठं माकड डबक्यात पडलं. "बाई व, मी तं बुडाली!" दोघी लोळून लोळून हसल्या. चौथ्या खेपेला खांदा वाकला, राही वर चढली, तिनं वेल सोडली आणि आईला वर घेतलं.

"आई, चढलो! मले येते व! मी मठ्ठ नाही!"

संध्याकाळी बाप दारात दिसताच ती ओरडली, "बाबा, या, तुमाले दाखवतो!"

यशवंतराव बसले, चपला काढल्या आणि तिच्या हातातला पहिला रिमोट ओढून घेतला. "दे इकडं. तू तो धर." मी राहीच्या हाती आलो. ते भिंतीशी गेले, उडी मारली, पडले. आठ-दहा वेळा पडले. कपाळाला घाम आला.

राहीनं मोठं माकड भिंतीशी नेलं आणि हळूच वाकवलं. "बाबा, माह्या खांद्यावर चढा."

ते चढले. पलीकडं गेले. वेल सोडायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. तसेच पळत सुटले. मोठं माकड भिंतीखाली वाकलेलंच राहिलं.

"पाह्यलं? एका दिवसात आलं मले," म्हणत ते उठले आणि हातपाय धुवायला गेले.

राही म्हणाली, "हो बाबा. तुमाले आलं."

नंतर मायलेकी तीन वर्षं खेळल्या. देवकाबाईंच्या अंगठ्यानं माझं बटण झिजलं, त्याचा मला अभिमान आहे. राही पाढे म्हणू लागली, तेलुगू वाचू लागली. मशीन बंद पडूनही आता दीड-दोन वर्षं झाली. देवकाबाईंनी मला धुतल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे.

पण त्या संध्याकाळचा राग काही विझत नाही. सात वर्षांच्या पोरीनं बापाला खांदा दिला, आणि बाप म्हणाला मले आलं. तुम्ही लेकुरवाळी माणसं आहात, म्हणून हात जोडून नाही, रागानंच सांगतो. भिंत चढून गेलात की एकदा मागं वळून खाली पाहत जा. तिथं कोणी वाकून उभं असेल. त्याला वर घ्या.