मिशा सरळ करणारा माउस

नवा माउस हातात आला की मावशी आधी त्याने संगणकावर एक मांजर काढायच्या. कंपनीत माउस तपासायच्या कामाला लागल्या तेव्हापासूनची ही त्यांची रीत. पाठीची कमान, दोन कान, शेपटी आणि सगळ्यात शेवटी मिशा. चित्रं काढणाऱ्या माणसाला माउस कसा वाटेल हे सांगणं त्यांचं काम, आणि मांजरात जे कळत नाही ते कशातच कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. कमानीत तो घसरतो की अडतो ते समजतं, कानाच्या टोकाशी थांबतो की पुढे धावतो ते समजतं, आणि मिशांत तर त्याचा सगळा स्वभाव बाहेर पडतो. प्रत्येक माउसचं मांजर छापून त्या टेबलामागच्या भिंतीवर लावत. भिंत मांजरांनी भरून गेली होती.

पलीकडच्या टेबलावर खेळांच्या बाजूने माउस तपासणारा मुलगा बसे. कानाला हेडफोन, तोंडात च्युइंगम आणि पडद्यावर दिवसभर धडाधड गोळ्या. त्याला सगळे गोळीबार म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

‘मावशी, उंदराकडून मांजर काढून घेता. जरा तरी दया,’ असं तो प्रत्येक नव्या माउसच्या वेळी म्हणे.

‘तू तुझी माणसं मार,’ असं मावशींचं उत्तर ठरलेलं.

माउस पसंत पडला की ज्याने त्याने त्याच्या पोटाला एक हिरवा ठिपका चिकटवायचा. खेळाचा एक, चित्राचा एक. दोन्ही लागले तर माउस कारखान्यात, नाहीतर परत अभियंत्यांकडे. यात साहेबांचंसुद्धा काही चालत नसे. निदान आजवर चाललं नव्हतं.

हा माउस मात्र साहेब स्वतः घेऊन आले. एखाद्याने घरचं तान्हं बाळ दाखवायला आणावं तसा दोन्ही हातांत धरून. ‘खेळणाऱ्याला आणि चित्रं काढणाऱ्याला एकच माउस,’ ते म्हणाले. ‘आता दोन-दोन घ्यायला नकोत कुणाला. सावकाश बघा, पण फार सावकाश नको.’

मावशींनी तो हातात घेतला. हलका होता. तळहाताखाली असा बसला की जणू माप घेऊन शिवला असावा. चाक गुळगुळीत, बटणं आवाज न करणारी. त्यांनी मांजर काढायला घेतलं. कमान झाली, कान झाले, शेपटी झाली. मिशांपाशी त्यांनी सवयीने कोपर टेबलावर दाबलं, श्वास रोखला आणि पहिली मिशी ओढली.

मिशी सरळ आडवी आली. तारेसारखी.

मावशी बघतच राहिल्या. गेलं वर्षभर त्यांचा उजवा हात कापत होता. फार नाही, पण मिशीला पुरेल इतका. भिंतीवरची अलीकडची मांजरं जवळून पाहिली असती तर कुणालाही कळलं असतं की त्यांच्या मिशा थंडी वाजल्यासारख्या थरथरताहेत. पण भिंत जवळून पाहतो कोण? मावशींनी युक्त्या शोधल्या होत्या. कोपर दाबायचं, लांब रेघेला श्वास धरायचा, कुणी शेजारी उभं राहिलं की पाणी प्यायला उठायचं. हात कापणाऱ्या बाईला चित्राचा माउस तपासायला कोण ठेवेल? ही नोकरी गेली तर दुसरी मिळण्याचं वय उरलं नव्हतं, आणि घरी बसून भिंतीला काय लावणार?

आणि आज मिशा सरळ. त्यांनी आणखी एक मांजर काढलं. मग मुद्दाम कोपर उचलून, नेहमीसारखा श्वास घेत तिसरं. सगळ्यांच्या मिशा जिथल्या तिथे. हात बरा झाला, आपोआप गेलं दुखणं, असं मनात म्हणत त्या घरी गेल्या आणि कधी नव्हे ते गुणगुणत गेल्या.

त्यांचे यजमान दातांच्या कवळ्या करत. घरातच मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. ते हात धुऊन येईपर्यंत मावशींनी चहा केला, दोघांचे कप काठोकाठ भरले आणि आपला उचलला. चहा बशीत सांडला, बशीतून टेबलावर.

त्यांनी कप खाली ठेवला आणि हाताकडे पाहिलं. हात कालच्यासारखाच कापत होता.

यजमानांनी फडकं आणलं. ‘अगं, रोज मी ओततो ना,’ ते टेबल पुसत म्हणाले. ‘तुझा कप मी वर्षभर अर्धाच भरतोय. आज तूच भरलास.’

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’

‘दिवसभर दुसऱ्यांचे दात बघतो म्हणून काय घरातला हात दिसत नाही?’

‘बोलला का नाहीत मग?’

‘तू बोलेपर्यंत थांबलो. तू हट्टी आहेस, वेळ लागणार हे मला ठाऊक होतं.’

मावशींनी त्यांना माउसचं सांगितलं. मिशांचं सांगितलं. हात तोच, तर मिशा माउसनेच सरळ केल्या असणार. ‘ठिपका लावून मोकळी होते,’ त्या म्हणाल्या. ‘असला माउस मिळाला तर माझं कुणाला कळणारही नाही. फुकटचं संरक्षण.’

यजमान फडकं पिळत होते. ‘माझ्याकडे माणूस आला की मी विचारतो, दात एका रांगेत हवेत की होते तसे? बहुतेकांना रांगेतच हवे असतात. काहींना पुढचा वाकडा दात वाकडाच हवा असतो. माझं काय जातं? पण न विचारता सरळ केला तर तोंड कुणाचं आणि मर्जी कुणाची?’

एवढं बोलून ते चहा प्यायला बसले. मावशी मात्र तो प्रश्न घेऊनच झोपल्या.

सकाळी त्यांनी टेबलावर एक जाड पुस्तक ठेवलं, जरासं तिरकं, आणि त्याच्या कडेला टेकवून माउस सरकवला. पुस्तक तिरकं होतं, पडद्यावरची रेघ आडवी आली. अगदी आडवी. जुन्या माउसने तेच केलं तर रेघ पुस्तकाइतकी तिरकी.

‘इकडे ये,’ त्यांनी गोळीबारला हाक मारली. त्याने त्याच्या बाजूचा हिरवा ठिपका कालच लावला होता.

त्याने पाहिलं. हेडफोन मानेवर उतरवला. ‘म्हणजे रेघ जवळपास आडवी असली की हा स्वतःच पूर्ण आडवी करतो?’

‘हो. मनाने.’

‘थांबा. मी काल बोगद्यातल्या खेळात सगळ्यांना लोळवलं. तिथे सगळे आडवेच पळतात, नेमही आडवाच सरकवायचा.’ त्याने च्युइंगम चावणं थांबवलं. ‘मला वाटलं मी सुधारलो.’

‘नाही रे.’

‘घरी सांगितलं मी. आईने कौतुक केलं.’

तो खुर्चीवर जाऊन बसला. ठिपका काढला मात्र नाही. जिंकणं सोडवत नाही माणसाला, मावशींना ते समजत होतं. त्यांनाही काल सोडवलं नव्हतं.

दुपारी साहेब आले. माउस उलटा करून पोट पाहिलं. ‘एकच ठिपका?’

‘हा माउस खोटं बोलतो, साहेब,’ मावशी म्हणाल्या आणि पुस्तकाचा प्रयोग दाखवला.

साहेब हसले. ‘खोटं कसलं? सुधारणा आहे ती. अभियंत्यांनी मुद्दाम घातलीय. रेघ सरळ आली तर तक्रार कोण करेल?’

‘जिला तिरकी हवी होती ती करेल.’

‘इतक्या बारीक फरकाची रेघ कोण काढतं? मॅडम, माणसाच्या हाताने एवढासा फरक पडतो तरी का?’ मावशींच्या मॅडम झाल्या म्हणजे साहेबांचा धीर सुटत आला, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता गप्प बसता आलं असतं. मावशींनी जुना माउस पुढे ओढला. कोपर दाबलं नाही, श्वास रोखला नाही. साहेब शेजारी उभे असतानाच त्यांनी मांजर काढलं आणि मग मिशा. थरथरत्या, एकेक.

गोळीबारच्या पडद्यावर कुणीतरी त्याला मारून गेलं, तेही त्याने पाहिलं नाही.

‘हे कधीपासून?’ साहेबांनी विचारलं.

‘भिंतीवर आहे सगळं. बघून घ्या.’

साहेबांनी भिंत पाहिली, पहिल्यांदाच जवळून. मग खुर्ची ओढून बसले आणि आवाज मऊ केला. ‘मग तर हा माउस तुमच्यासारख्यांना वरदान आहे. विचार करा. जाहिरातसुद्धा तशी करता येईल.’

‘करा ना. पण बटण द्या. ज्याला आधार हवा तो बटण दाबेल. मी दाबीन की नाही ते मी बघेन. न विचारता माझा हात धरायचा नाही कुणी.’

‘बटणाचं पुढच्या माउसला बघू. आज ठिपका लावा.’

‘नाही लावणार.’

‘मॅडम, मला वर सांगावं लागेल. तपासणाऱ्याचाच हात असा आहे म्हटल्यावर ते काय म्हणतील, मी सांगू शकत नाही.’

‘सांगा. लपवू नका. आणि हेही सांगा की माझा हात धड असता तर तुमची लबाडी मला कळली नसती. कापणाऱ्या हाताची रेघ सरळ आली म्हणून पकडली गेली ती.’

साहेब उठले. माउस घेऊन दारापर्यंत गेले, तेवढ्यात गोळीबार आडवा आला. ‘साहेब, एक मिनिट.’ त्याने माउस त्यांच्या हातातून घेतला, उलटा केला आणि नखाने आपला ठिपका खरवडून काढला. तो नीट निघेना. थोडा निघाला, थोडा चिकटून राहिला, पण आता त्याला ठिपका कुणी म्हटलं नसतं.

‘तुलाही अडचण आहे?’ साहेब म्हणाले.

‘मला हरायचंय,’ गोळीबार म्हणाला. ‘म्हणजे, माझं मी.’

साहेब माउस घेऊन निघून गेले. माउस परत अभियंत्यांकडे जाणार एवढं नक्की झालं. मावशींचं काय होणार ते काचेपलीकडच्या केबिनमध्ये फोनवर ठरत होतं, आणि साहेबांची पाठ इकडे होती.

मावशींनी दोन्ही मांजरं छापली, सरळ मिशांचं आणि थरथरत्या मिशांचं. भिंतीवर शेजारी-शेजारी लावली, जरा जास्तच टाचण्या मारून. मग चहाच्या यंत्रापाशी गेल्या. इतके दिवस त्या अर्ध्यावरच बटण सोडत. आज त्यांनी कप काठोकाठ भरू दिला आणि तो उजव्या हातात धरून केबिनच्या काचेसमोरून, सगळ्या टेबलांमधून चालत आल्या.

‘मावशी, सांडतोय,’ गोळीबार हळूच म्हणाला.

‘दिसतंय मला,’ मावशी म्हणाल्या, आणि आहे त्याच चालीने जागेवर येऊन बसल्या.