प्रितमचा अंगठा

फायनलच्या सकाळी प्रितमने बॅट धरून पाहिली आणि उजव्या अंगठ्यातली कळ थेट कोपरात गेली. नख कुरतडता कुरतडता कडेची कातडी सोललेली, तिच्यात पू धरून नखुरडं झालेलं. रचनाने, त्याच्या बायकोने, लिंबाला भोक पाडून ते अंगठ्यावर बसवून पाहिलं होतं. फरक शून्य. शेवटी आदल्या दिवशी डॉक्टरने चीर देऊन पट्टी बांधली.

"आता बाहेर बस," कोलशेतच्या टीमचा कॅप्टन नयन चिडून म्हणाला. "आम्ही प्रॅक्टिस करायची आणि तू नखं खा!"

एवढा थोरला बाप्या आणि सवय शाळेतल्या पोराची. कारल्याचा रस लावून झाला, औषधाच्या दुकानातलं कडू नेलपॉलिश लावून झालं. चार दिवसांत जिभेला तेही चालायला लागलं. "मुद्दाम करतोस तू," रचना म्हणायची. मुद्दाम? हात तोंडात कधी जातो हेच कळत नाही, तर थांबवणार कसा?

बाउंड्रीबाहेर बसून त्याने टीम हरताना पाहिली. शेवटी शेजारी बसलेल्या काळुरामकाकांनी त्याच्या डाव्या हातावर फटका मारला. "आता ह्यो बी खातंस का रं?"

बोटातून रक्त आलेलं.

घरी जाताना तो विचार करत राहिला. बॅटिंग करताना, बाइक चालवताना आपण नखं खात नाही. खातो ते नुसतं बसून वाट बघताना. आणि पाच नंबरला जायचं म्हणजे दुसरं काय असतं?

पुढच्या टुर्नामेंटला त्याने नयनला गळ घातली. "मला ओपनिंगला पाठव."

"नवा बॉल झेपेल तुला?"

"वाट बघणं झेपत नाही रे!"

खाडीकाठच्या त्याच मैदानावर प्रितम दुसऱ्याच बॉलला बोल्ड झाला. आता अख्खी इनिंग पुन्हा खुर्चीवर. चडफडत बसला. हात ओठांकडे निघाला, पण या वेळी निघतानाच त्याला कळला. एक शिवी हासडून त्याने जवळ पडलेला मॅचचा जादा टेनिस बॉल उचलला आणि दाबत राहिला.

टीम जिंकली. "ओपनर म्हणे!" नयनने ऐकवायचं ते ऐकवलंच.

घरी रचनाने त्याची बोटं तपासली. डाव्या करंगळीचं नख गेलेलं.

"ही कधी खाल्लीस?"

"शेवटच्या ओव्हरला," तो वैतागून म्हणाला. "नयनचा सिक्स खाडीत गेला आणि अंपायर माझ्या हातातला बॉल घेऊन गेला!"