खिळ्यावरची किल्ली

"गुरुजी, तुमची स्वतःची गाडी बिघडली तर तुम्ही कुणाकडे जाता?"

हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या तिघींनी लावली होती. "ही विचारणार? ही तर हजेरी देतानाही पुटपुटते," असं त्यातली एक म्हणाली होती. गेल्या वर्षापर्यंत ते खरं होतं. यंदा मला अचानक कंठ फुटला आहे, आणि आवाज वापरल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून विचारला. जुन्या गोदामाच्या अंगणात जमलेल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारी उभ्या असलेल्या पप्पांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की संध्याकाळपर्यंत तिथे बोटं उमटलेली होती.

नुसत्या स्पर्शानं गाड्या बऱ्या करणारे यंत्रगुरू मात्र गोड हसले. अंगात मेकॅनिक घालतात तसला सलग सूट, पण पांढराशुभ्र, औषधालाही तेलाचा डाग नाही.

"बाळ, माझी गाडी बिघडतच नाही. तिचा माझ्यावर विश्वास आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पैज मी जिंकले, सभा त्यांनी जिंकली.

अंगणात गाड्यांची भलीमोठी रांग होती. सगळ्यांची बॉनेटं उघडी, दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून बसल्यासारखी. फाटकातून आत आलं की इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि किल्ली किल्लीवाल्याच्या हातात द्यायची. तो ती भिंतीवरच्या फळीवर, खिळ्याला टांगायचा. मग बसायचं. ऊन डोक्यावरून उतरायला लागेपर्यंत बसायचं. अधूनमधून यंत्रगुरू उठून बोलायचे.

"यंत्र म्हणजे काय? अडलेली इच्छा. गिअर अडकत नाही, माणूस अडकतो. थ्रॉटल म्हणजे काय? यंत्राचा श्वास. तुम्ही घरात भांडता, श्वास गाडीचा कोंडतो."

माझ्यामागचा एक टॅक्सीवाला "वा, वा" करत होता. मला विचारावंसं वाटत होतं, की काका, तुम्ही घरात भांडता तेव्हा टॅक्सी बाहेर उभी असते ना?

आमचा नंबर आला. किल्ली खिळ्यावरून उतरली. गुरूंनी डोळे मिटून बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले आणि "गती, गती, गती" असं तीनदा कुजबुजले. पप्पांनी गाडी सुरू केली. डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा गेलेला. अंगणात एक फेरी मारली, गाडी लोण्यासारखी चालली. पप्पांचे डोळे भरून आले. मला खरंच वाईट वाटलं, कारण पप्पांना मी इतकं हताश आणि नंतर इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

"आता हत्यार लावायचं नाही," गुरू म्हणाले. "हत्यार लागलं की स्पर्श उतरतो. आणि घरात कुणी शंका घेतली," इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "तरी उतरतो."

आता सांगा, याच्याशी भांडायचं कसं? गाडी चालली तर त्यांच्यामुळे. बंद पडली तर माझ्यामुळे.

आमच्या गाडीला दोन दुखणी होती. एक, रस्त्यात अचानक अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी दाद द्यायची नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि गाडी गोगलगायीसारखी सरकायची. दुसरं गिअरचं. आमची गाडी ऑटोमॅटिक, तिचे गिअर तीच बदलते. ते मध्येच सुटायचे. इंजिन गरजायचं, चाकं ऐकायची नाहीत, आणि मग कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखा हिसका बसायचा. माझी आई फिजिओथेरपिस्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटकडे घरोघरी जाते आणि जाताना माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत सोडते. म्हणजे रोज सकाळी त्या हिसक्यांत आई आणि धाकटी असायच्या.

पप्पा आधी गॅरेजमध्ये गेले नव्हते असं नाही. दोन गॅरेजं झाली. दोन्हीकडे गाडी दिवसभर उभी राहिली आणि मेकॅनिकनं फेरी मारल्यावर शहाण्या मुलीसारखी पळाली. दुसरा मेकॅनिक म्हणाला, "काही दिसत नाही, साहेब. बिघडली की तशीच घेऊन या."

"तशीच कशी आणू?" पप्पा भडकले. "चालत नाही, हाच तर तिचा आजार आहे."

त्यानंतर त्यांचा सगळ्यांवरचाच विश्वास उडाला. आणि विश्वास उडालेला माणूस रिकामा राहत नाही, हे मला आता कळलंय. पप्पांच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं यंत्रगुरूंचं नाव काढलं आणि पप्पा त्यांच्या नादी लागले.

तर त्या दिवशी गुरूंकडून आम्ही चौघं घरी निघालो. गाडी मजेत चालली होती. धाकटी गाणं म्हणत होती, पप्पा ठेका धरत होते. उड्डाणपुलाच्या चढावर पिवळा दिवा लागला. इंजिन ओरडलं, चाकं थांबली, आणि गाडी मागे सरकली. फार नाही, हातभर. पण मागे ट्रक होता. त्याचा ब्रेक किंचाळला, हॉर्न वाजला. आईनं न बघता हात मागे टाकून धाकटीचा गुडघा पकडला. धाकटीचं गाणं मधल्याच शब्दावर थांबलं. ट्रकवाला शिव्या देत उतरला आणि मग त्यानंच गाडी ढकलून बाजूला घ्यायला मदत केली.

पप्पा घाम पुसत माझ्याकडे वळले. "विचारलास ना प्रश्न? झालं समाधान?"

मला इतका राग आला की रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला. पुलाखाली टायरच्या दुकानाच्या सावलीत आम्ही बसलो. बऱ्याच वेळानं पप्पा उठले, बॉनेटवर तळवे ठेवले, "गती, गती, गती" म्हणाले आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू. दिवा गेला.

"पाहिलंस?" ते म्हणाले.

पाहिलं होतं. पण काय पाहिलं, ते कळत नव्हतं.

कळलं दुसऱ्या दिवशी, पप्पांच्याच दुकानात. पप्पांचं चष्म्याचं दुकान आहे, डोळेही तेच तपासतात. मी शाळेतून परस्पर तिथे गेले होते. खुर्चीत एक आजोबा बसले होते. पप्पा त्यांच्या डोळ्यापुढे काचा बदलत होते. "ही बरी, की ही? आता? पहिली की दुसरी?"

आजोबा कंटाळले. "अहो, एकदम दोन-तीन बदला की. लवकर उरकेल."

"उरकेल हो," पप्पा म्हणाले, "पण फरक कुठल्या काचेनं पडला, ते मला कळणार कसं? एका वेळी एकच काच."

मी खुर्चीवरून ताडकन उठले.

गोदामाच्या अंगणात दोन काचा एकदम बदलत होत्या. एक, गुरूंचा हात. दुसरी, इंजिन बंद ठेवून, बॉनेट उघडं टाकून अर्धा दिवस बसणं. पुलाखालीही दोन्ही. आणि गॅरेजमध्ये? तिथे हात नव्हता, नुसतं उभं राहणं होतं, तरीही गाडी चालली होती. तिथे आपण म्हणालो मेकॅनिक बिनडोक. इथे म्हणालो गुरू महान. गाडीनं दोन्हीकडे एकच गोष्ट केली होती: ती गार झाली होती.

आजोबा गेल्यावर मी हे पप्पांना सांगितलं. त्यांनी काच पुसत ऐकून घेतलं. "तुझं आपलं काहीतरीच."

"मग तपासू. तुमच्याच पद्धतीनं. एका वेळी एकच काच."

रात्री जेवताना तेच पुन्हा. शेवटी आई ताट सरकवून म्हणाली, "अहो, एकदा करा ती टेस्ट. नाहीतर मी उद्यापासून बसनं जाते. पेशंटचे गुडघे नीट करायचे आणि स्वतःचे मोडून घ्यायचे, हे जमणार नाही मला."

रविवारी धाकटीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि आम्ही कारखान्यांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. सुट्टी, चिटपाखरू नाही. पप्पा गाडी चालवत राहिले, आणि तापल्यावर ती अपेक्षेप्रमाणे रुसली. दिवा लागला, गिअर सुटले.

"आता हात ठेवा. लगेच. थांबायचं नाही."

त्यांनी मनापासून हात ठेवले. तीन वेळा गती. किल्ली फिरवली. दिवा गेला खरा, पण पप्पांनी पाय दाबताच इंजिन गरजलं, चाकं जागची हलली नाहीत, आणि दिवा परत हजर.

"तू बघतेस ना, म्हणून," पप्पा म्हणाले.

"बरं. मी जाते." मी रस्त्याच्या पार टोकाला जाऊन पाठ करून उभी राहिले, कानात बोटं घालून. मनात शंकासुद्धा आणली नाही, भूगोलाचा धडा आठवत बसले. आईनं हाक मारली तेव्हा वळले. गाडी तिथेच, तशीच.

"आता दुसरी काच," मी म्हणाले. "बॉनेट उघडं, किल्ली बाहेर, हात कुणीही लावायचा नाही."

आम्ही कट्ट्यावर बसलो. पुरेसा वेळ झाल्यावर मी बॉनेटपासून चार हात लांब उभी राहिले आणि गंभीर चेहऱ्यानं सतराचा पाढा म्हटला. आई हसायला लागली. पप्पांनी किल्ली फिरवली. गाडी लोण्यासारखी चालली.

पप्पांनी गाडी परत आणून बंद केली. मग दुकानातल्या आवाजात म्हणाले, "परत एकदा दाखव."

परत दाखवलं. या वेळी पाढाही नाही. तरी चालली.

मी तिथूनच त्या दुसऱ्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याला काही नवल वाटलं नाही. थ्रॉटल म्हणजे इंजिनात हवा सोडणारं एक छोटं दार. पेडल दाबलं की किती उघडायचं ते दाराला विजेच्या तारेतून कळतं. तापल्यावर तो निरोप चुकायला लागला की गाडीतला कॉम्प्युटर घाबरतो आणि वेग आवळून धरतो. बंद करून चालू केली की तो पुन्हा पहिल्यापासून विश्वास टाकून बघतो. गिअरबॉक्सचंही तसंच असणार: तेल जुनं किंवा कमी असेल, गार असताना निभतं, तापलं की पकड सुटते. "म्हणून तर म्हटलं होतं साहेब, बिघडलेली आणा," तो म्हणाला. "नाही आणता आली तर टोइंगवाल्याला ओढून आणायला सांगा, इथे मी तिला तापवतो."

संपलं, असं मला वाटलं. पण पप्पा म्हणाले, "म्हणजे थांबलं की चालते. मग थांबत जाऊ. कशाला उघडायची?"

"उड्डाणपुलावर थांबायचं?" आईनं विचारलं.

"तसं नाही गं. पण एकदा गुरूंच्या कानावर घालू. त्यांना माहीत असेलच काहीतरी."

मी कपाळावर हात मारून घेतला. गोदाम तिथून जवळच होतं. गाडी परत तापून रुसली होती, तशीच सरपटत आम्ही फाटकातून आत गेलो. रांग नेहमीसारखीच. किल्लीवाल्यानं हात पुढे केला, पप्पांनी सवयीनं किल्ली दिली, ती खिळ्यावर गेली.

मी सरळ पुढे गेले. "गुरुजी, गाडी आत्ता आजारी आहे. आत्ता हात ठेवा."

"तापलेलं यंत्र स्पर्श घेत नाही, बाळ. आधी रांगेत शांत होऊ दे."

"शांत झाल्यावर मग तुम्ही कशाला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गुरूंचं हसू तसंच होतं, फक्त आता ते डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं.

मी रांगेकडे वळले. आवाज स्वच्छ निघाला. "तुमच्यापैकी कुणाची गाडी रांगेत उभी न राहता बरी झालीय?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मागच्या वेळचाच टॅक्सीवाला म्हणाला, "माझी दोनदा बरी झाली."

"म्हणजे मधे बिघडली होती."

तो हळूच म्हणाला, "गुरुजी म्हणाले, बायकोनं शंका घेतली."

"काका, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, गाडी तापवा, बिघडू द्या. एकदा नुसता हात ठेवून बघा, एकदा नुसतं थांबून बघा. जे खरं असेल ते तुम्ही विश्वास ठेवला नाही तरी तसंच राहील. आणि ज्याला तुमच्या बायकोच्या शंकेनं धक्का बसतो, त्याच्या भरवशावर चढावर गाडी नेऊ नका."

"मुलीला घेऊन जा," गुरू पप्पांना म्हणाले. "वातावरण दूषित होतंय."

टॅक्सीवाला उठला, फळीकडे गेला आणि आपली किल्ली शोधायला लागला. आणखी दोघं-तिघं उठले. बाकीचे बसून राहिले, आणि एका बाईनं मला उद्धट म्हटलं. सगळे उठतील असं मला वाटलं होतं. नाही उठले.

मी पप्पांकडे पाहिलं. ते चष्मा काढून पुसत होते. "बसू या का तासभर?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "गार झाली की निदान घरी तरी जाऊ. आईला उद्या सकाळी गाडी लागणारच आहे."

मग मी फळीकडे गेले, खिळ्यावरून आमची किल्ली काढली आणि मुठीत धरली. आई उठून उभी राहिली.

"आई, पप्पा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "ही किल्ली आता फक्त टोइंगवाल्याच्या हातात देणार. मेकॅनिक गाडी तापवून तपासेल, नीट करेल, आणि त्या पुलाचा चढ तिच्याकडून चढवून दाखवेल. तोवर मी तिच्यात बसणार नाही, धाकटीला बसू देणार नाही, आणि आई, तुलाही नाही. उद्या सकाळी आपण तिघी बसनं जातोय."