चटईखालची वायर

संघप्रियाची मुलगी आठव्या महिन्यातच झाली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती जेमतेम दोन किलोची होती. "बाळाला थंडी लागू देऊ नका," असं नर्सबाईंनी निघताना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. कुरखेड्याजवळच्या तिच्या माहेरच्या गावात डिसेंबरची थंडी हाडात शिरते. म्हणून संघप्रियाचा नवरा राजदीप चंद्रपूरहून हीटर घेऊन आला, बाळाला डोळे भरून बघितलं आणि ड्युटीवर परत गेला.

बाळंतिणीच्या खोलीत प्लगच नव्हता. एकच होता, बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीत, मीटरच्या खाली. तेव्हा संघप्रियाची आई मीराबाई आठवडी बाजारातून एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आली. वायर चांगली लांब होती. मीराबाईने ती दारातून आत घेतली, कोणाचा पाय अडकू नये म्हणून चटईखालून नेली, आणि उरलेली वायर गुंडाळून, सुतळीने बांधून खाटेखाली सारली. हीटर त्याच बोर्डावर, गरम पाण्याची किटलीही त्याच बोर्डावर.

दुसऱ्या दिवसापासून संघप्रियाला वास यायला लागला. प्लास्टिक तापल्यासारखा.

"माय, काहीतरी जळून राह्यलं."

"धुरीचा वास हाय तो. ओवा टाकला ना मी निखाऱ्यावर."

"ओव्याचा नाई वं. दुसराच हाय."

"बाळंतिणीच्या नाकाले सगळंच येते," मीराबाई म्हणाली आणि धुरीचं खापर बाहेर घेऊन गेली.

किटलीचं बटन दाबलं की खोलीतला बल्ब मिणमिणायचा. संघप्रिया तेवढ्यापुरती श्वास रोखायची. बाळाचं पोट वरखाली होतंय ना, ते बघायची. मग बोर्डाकडे बघायची, मग पुन्हा बाळाकडे. हीटर बंद करावा तर बाळाचे तळवे गार पडायचे. चालू ठेवावा तर हा वास. तिने राजदीपला फोन केला.

"नवीन हीटर हाय, काही होत नाई," तो म्हणाला. "तू झोपत नाई बरोबर, म्हणून असं वाटते तुले."

तिलाही तसंच वाटायला लागलं. बाळंतपणात बायांना भलते भास होतात, असं तिने ऐकलं होतं. मग ती कोणाला काही बोलेनाशी झाली, पण नाक मात्र सारखं जागं असायचं.

एका दुपारी मीराबाई आणि बाबा, गुलाबभाऊ, घरामागच्या वाडीत धान वाळवत होते. किटलीत पाणी तापत होतं. संघप्रिया खाटेवरून उतरली आणि अनवाणी पाय चटईवर पडताच तिने तो मागे घेतला. चटई गरम होती. हीटर तर पार पलीकडच्या भिंतीशी होता. तिने वाकून खाटेखाली बघितलं. वायरीच्या गुंडाळीवर गोधडीचं लोंबतं टोक पडलं होतं, आणि ते काळं होऊन त्यातून बारीक धूर निघत होता.

तिने बाळ उचललं. बोर्डाला हात लावला नाही. टाक्यांची कळ मस्तकात गेली तरी ती तशीच सपरीत आली. प्लगचं बटन दाबलं, पण ते वितळून अडकलं होतं. पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलं होतं. मेन स्विच त्याच्याही वर, हात पोचणार नाही इतका उंच.

"माय! बाबा! आग लागली!"

मीराबाई धावत आली. खोलीतून आता धूर भसाभस येत होता. तिने बादली उचलली आणि दाराकडे वळली.

"पानी नको टाकू!" संघप्रिया किंचाळली. "करंट हाय त्याच्यात! पहिले मेन बंद कर!"

मीराबाई क्षणभर बादली घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने बादली खाली ठेवली, कपडे वाळवायची सुकी काठी ओढली आणि मेनचा दांडा खाली पाडला. बल्ब विझला. मागून आलेल्या गुलाबभाऊंनी गोधडी काठीने ओढून अंगणात फेकली. मग बादल्यांवर बादल्या ओतल्या.

आग विझली. खाटेचा एक पाय कोळशासारखा झाला होता. मीराबाईच्या अंगावरचं लुगडं चिंब होतं आणि ती भिंतीला टेकून नुसती त्या पायाकडे बघत होती.

"तू सांगत होती," ती शेवटी म्हणाली. "मीच ऐकलं नाई."

संघप्रियाने बाळाचे पाय चाचपले. ते गार लागत होते, आणि खोलीत तर जाताच येत नव्हतं. तिने नर्सबाईंना फोन लावला.

"बाळाचे कपडे काढा, उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या," नर्सबाई म्हणाल्या. "कोणीही धरलं तरी चालेल. पण लगेच. आणि संध्याकाळी दवाखान्यात दाखवून जा."

संघप्रियाने बापाकडे बघितलं. इतक्या दिवसांत गुलाबभाऊंनी नातीला हात लावला नव्हता. एवढासा जीव, आपले हात नांगराचे, म्हणून ते दारातूनच बघून जायचे.

"बाबा, तुम्ही घ्या."

"मी? मले नाई जमत वं हे."

"माझे हात थांबून नाई राह्यले, बाबा. पाडीन मी तिले."

गुलाबभाऊंनी बंडी काढली. अंगणात उन्हातल्या बाजेवर टेकून बसले. संघप्रियाने बाळ त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, डोक्याला टोपडं घातलं आणि वरून शाल लपेटली. बाळ थोडं कुरकुरलं, मग गप्प झालं. गुलाबभाऊ श्वास घ्यायलाही घाबरत होते.

तासाभराने गावातला वायरमन हरिदास आला. त्याने वायर उचलून बघितली.

"गुलाबभाऊ, हीटर अन् किटली दोन्ही याच्यावर? अन् वायर गुंडाळून, वरून गोधडी? गरमी जाईन कुठी? हीटरले भिंतीतलाच प्लग पायजे, जाड वायरीचा. असा बोर्ड मोबाईलले ठीक हाय."

"बसवून दे तसा," गुलाबभाऊ पुटपुटले. "पन हळू बोल."

"काऊन?"

त्यांनी हनुवटीनेच छातीकडे खूण केली. संघप्रियाने शालीखाली हात घातला आणि बाळाचा तळवा चाचपला. ऊबदार होता. ती तिथेच बाजेच्या कडेला बसली आणि तिला रडू फुटलं.