लवू मेथरची जागा

जुन्या नकाशाची मुदत संपली, त्या दिवशी अंकुश मेथरचा समुद्र नऊ मैलांवर संपला.

संपला म्हणजे कापड संपावे तसा, सरळ रेषेत. अलीकडे पाणी होते, लाटा होत्या, पाण्यावर ऊन होते. पलीकडे मळकट पिवळा कोरा रंग होता आणि त्यावर बारीक चौकटी आखलेल्या होत्या. केबिनमधल्या प्लॉटरच्या, म्हणजे नकाशा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरही नेमके तेच दिसत होते. अंकुशने इंजिन मंद केले आणि बोट अगदी रेषेपाशी नेली. नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, हातभर भाग पलीकडे गेला तसा तिच्यावरचा निळा रंग नाहीसा झाला आणि तिच्यावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज बंद पडला.

शेजारून दुसऱ्या गावची एक बोट रेषा ओलांडून सरळ निघून गेली. तिच्यावरच्या माणसांनी नेहमीसारखा हात केला. त्यांचा नकाशा चालू होता.

"तांडेलानु, फिरवा," मागून खलाशी म्हणाला.

बोटीचा तांडेल अंकुशच होता. त्याने बोट फिरवली. त्याला फारसे आश्चर्य वाटले नाही. तो बरेच दिवस दमलेला होता, आणि दमलेल्या माणसापुढे आणखी एक काम आले तर तो फक्त ते कुठे ठेवायचे एवढेच बघतो.

दुसऱ्या दिवशी रेषा आणखी अलीकडे आली होती. मग ती खाडीच्या तोंडाशी आली. एवढ्याशा पाण्यात जाळे टाकून काय मिळणार? खलाशी एकेक करून दुसऱ्या बोटींवर गेले. जाताना कोणी त्याला दोष दिला नाही. शेवटचा गेला तो केबिन धुऊन गेला.

खारवाडीतल्या घरात अंकुश आणि त्याची वैनी कुसुम अशी दोनच माणसे राहत होती. अंकुशची आई तो लहान असताना गेली. त्याला कुसुमने भरवले, शाळेत घातले, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. तिचा नवरा लवू, म्हणजे अंकुशचा थोरला भाऊ, तीन पावसाळ्यांपूर्वी लहान होडी घेऊन जाळी बघायला गेला होता आणि परत आला नव्हता. फळी सापडली नाही, वल्हे सापडले नाही, अंगावरचा कपडा सापडला नाही. त्यामुळे तो गेला असेही म्हणता येईना. कुसुम रोज त्याचे ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि सकाळी कावळ्यांना घालायची. कडी वाजली की उठायची. वारा असला तरी उठायची.

"नवो नकाशो घेऊन ये," ती म्हणाली. "आज बोट बांधलेली असा, उद्या आपण बांधले जातलो."

अंकुश एसटीने मालवणला गेला.

दुकान बर्फाच्या कारखान्याला लागून होते. वायरलेस, बॅटऱ्या, मासे शोधायची यंत्रे, सगळे दाटीवाटीने मांडलेले. काउंटरमागे लोपीस बाई पंख्याखाली चपला काढून बसल्या होत्या. किनाऱ्यावरच्या निम्म्या बोटींना नकाशे त्यांनीच दिले होते आणि त्याचा शीण त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"जुनाच अपडेट करून द्या," अंकुश म्हणाला.

"तो बनवणारी कंपनी बंद झाली, तांडेल. नवीनच लागेल. प्लॉटर कुठला तुमचा?"

त्याने सांगितले.

"मग दोन बसतील त्याला. बसेल तसा तिसराही, पण तो मी कुणाला देत नाही. नीट बघून घ्या. एकदा बोटीला लागला की परत घेत नाही."

काउंटरवर दाखवायचा एक प्लॉटर होता. बाईंनी नखाएवढे कार्ड त्यात सरकवले, उठल्या आणि दुकानाचे मागचे दार उघडले. त्या दारामागे एरवी कारखान्याची ओली भिंत असायची. आता तिथे समुद्र होता. पाणी उंबऱ्याला लागून चुबचुबत होते.

"हा कंपनीचा. हाच जास्त जातो. रंग चांगले आहेत, किनाऱ्यावरची देवळेसुद्धा दिसतात."

रंग खरेच चांगले होते. उथळ पाणी पोपटी, खोल पाणी गर्द निळे. आणि हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर एका लहान होडीत लवू वल्हे मारत होता. अंगात तोच चौकड्यांचा शर्ट, दाढी वाढलेली. अंकुश उंबऱ्यावर उकिडवा बसला.

"दादा."

"अंक्या? कधी इलस?"

"मी हंयच असंय. तू खंय होतंस?"

"येतंय ना," लवू म्हणाला. "येतंयच मी."

तो वल्हे मारत होता. वल्ह्याबरोबर पाणी मागे जात होते, पण होडी जवळ येत नव्हती. त्याच्या तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"वैनी रोज ताट वाढता तुझा."

लवूचे हात क्षणभर थांबले. होडी लगेच मागे सरकली, तसे त्याने पुन्हा वल्हे धरले.

"तिका सांग, वाढू नको. माका घराचो दिवो दिसता रे. दिसता म्हणान थांबूक येणा नाय."

"खंयचो नकाशो घेव, दादा?"

"माका काय इचारतंस? मी पाण्यात असंय," लवू चिडून म्हणाला. चिडायचा तेव्हा त्याचा आवाज पूर्वीही असाच बारीक व्हायचा. अंकुशला रडू आले, पण बाई कार्ड काढायला आल्या होत्या.

दुसरे कार्ड सरकारी होते. त्याचे पाणी फिकट होते आणि खोलीचे आकडे विरळ. दारासमोर, थोडे लांब, पाण्यावर ठिपक्याठिपक्यांचे एक लांबट रिंगण तरंगत होते. त्याच्या आत लाट उठत नव्हती.

"यात बुडालेली प्रत्येक होडी दाखवतात," बाई म्हणाल्या. "अठरा वाव खोल, म्हणजे शंभरेक फूट. स्वच्छ तळ आहे, चिखल नाही."

"कोणाची होडी?"

"ते नसतं लिहिलेलं. मोजणारा खोली मोजतो, नाव विचारत नाही."

नाव विचारायची गरज नव्हती. गावासमोरच्या दोन खडकांच्या सरळ रेषेत ती जागा होती. लवू तिथेच जाळी टाकायचा.

"ह्यातलो खरो खंयचो?"

"सगळे तांडेल हेच विचारतात." बाईंनी कपाळ पुसले. "दोन्ही चालू आहेत. तुम्ही जो घालाल, त्याच्यावर तुमची बोट चालेल."

"आणि तिसरो?"

बाईंनी तो घातला आणि दार चार बोटे उघडले. नुसते पाणी होते. प्रत्येक हातावर खोलीचा आकडा, प्रत्येक खडकाची नोंद, पण जमीन नव्हती. किनारा काढायचे कोणाच्या मनातच आले नव्हते. घर नाही, दिवा नाही, वाट बघणारे कोणी नाही. अंकुशचे डोळे जड झाले. इथेच पाण्यावर आडवे व्हावे असे त्याला वाटले आणि त्याने दाराला हात लावला. बाईंनी घाईने कार्ड ओढून काढले. दारामागे भिंत आली.

"म्हणून देत नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही न्या. घरी विचारा. जो घालणार नाही तो आणून द्या."

खारवाडीच्या फाट्यावर तो एसटीतून उतरला आणि त्याने मागे बघितले, तर रस्ता नव्हता. एसटी पिवळ्यात शिरली आणि तिच्या इंजिनाचा आवाज मध्येच तुटला. रेषा आता फक्त समुद्राकडून नव्हती, चारी बाजूंनी होती. तो चालू लागला तशी पाठीमागची माडांची रांग एकेक माड करत कोरी होत गेली. त्याने पावले उचलली. धावायची ताकद त्याच्यात नव्हती.

घरात कुसुमने चूल ओट्यावरून उचलून माजघरात आणली होती. स्वयंपाकघराचा मागचा अर्धा भाग गेला होता. भिंतीवरचे फडताळ मधोमध कापल्यासारखे दिसत होते. अलीकडे दोन डबे होते, पलीकडे चौकटी.

"विहीर दिसणा नाय," ती म्हणाली. "सकाळी दोन कळशी भरून घेतलंय म्हणान बरा. गावलो काय नकाशो?"

अंकुशने दोन्ही कार्डे तिच्यापुढे पाटावर ठेवली आणि काय बघितले ते सांगितले. लवूच्या हाताच्या चिंध्यासुद्धा सांगितल्या. बाजूला लवूचे ताट झाकलेले होते.

"आणि काय म्हणालो?"

"ताट वाढू नको म्हणालो."

कुसुमने ताटावरचे झाकण काढले. भात, बांगड्याचे तिखले, मिठाची चिमूट. ती ताट पुढ्यात ओढून जेवायला बसली. सावकाश, एकेक घास चावून जेवली. तिला कधी असे बसून जेवताना अंकुशने पाहिले नव्हते. ती नेहमी सगळ्यांचे झाल्यावर चुलीपाशी उरकायची.

"दुसऱ्यात एक जागा असा म्हणालंस," हात धुऊन ती म्हणाली. "ठरलेली? हलणा नाय?"

"हलणा नाय."

"मग तोच घाल."

"वैनी, तो घातलंय तर दादा येवचो नाय. मगे तो बुडालोच."

"तो येतच ऱ्हवलो आणि मी उठतच ऱ्हवलंय. लोक म्हणतत, बायको आशेवर जगता. आशेक काय होता? तिका उठूचा पडणा नाय. उठूचा माका पडता, अंकुश. वल्ह्यां तेका मारूची पडतत. दोघांनी किती दमायचा?"

अंकुशने सरकारी कार्ड पाटावरून उचलले. आपण हे कार्ड घातले तर भावाला आपल्या हाताने पाण्याखाली ढकलल्यासारखे होईल, आणि नाही घातले तर त्याला तसाच वल्हवत ठेवल्यासारखे. आयुष्यात त्याने घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय आधी लवूने घेतलेला असायचा. आता घरात विचारायला लवू नव्हता, आणि दुकानात विचारले तेव्हा तो चिडला होता.

रेषा माजघराच्या उंबऱ्यावर आली. चुलीचा धूर तिच्यापाशी जाऊन कापल्यासारखा थांबत होता.

"चल," कुसुम उठली. "मी पण येतंय."

ती कधी बोटीवर चढली नव्हती. अंकुशने नको म्हटले नाही. तिने कोपऱ्यातली तिची आणि लवूची निजायची चटई गुंडाळून काखेत घेतली. आता घराची पुढची पडवी, जेटीकडे जाणारी पायऱ्यांची पाखाडी आणि जेटी एवढेच जग उरले होते. ती दोघे पाखाडी उतरली तेव्हा मागे पडवी नव्हती. बोटीचा पुढचा भाग कोरा झाला होता, पण केबिन अजून होती. अंकुशने वैनीला हात देऊन वर घेतले, प्लॉटर सुरू केला आणि सरकारी कार्ड त्यात सरकवले.

पडद्यावर अक्षरे आली. हा नकाशा केवळ मदतीसाठी आहे. नजर ठेवणे ही चालकाची जबाबदारी. मान्य?

त्याने बटण दाबले.

पाण्याचा आवाज एकदम परत आला. त्यामागून माड आले, पडवी आली, टेकडीवरून एसटीचा हॉर्न आला. बोटीची नाळ निळी झाली. खाडीच्या तोंडापुढे समुद्र थेट क्षितिजापर्यंत पसरला, फिकट आणि मोठा. कुसुमने डोळ्यांवर हात धरून तो बघितला.

"एवढो असता?" ती म्हणाली.

अंकुशने इंजिन चालू केले. ऊन कलायला अजून अवकाश होता. न घातलेले कंपनीचे कार्ड अंकुशच्या शर्टाच्या खिशात होते आणि खिशातून वल्ह्यांचा आवाज येत होता, नेमाने, चुबुक, चुबुक. कुसुमलाही तो येत असावा, कारण ती केबिनच्या दारात त्याच्या खिशाकडे तोंड करून बसली होती. दोन खडक सरळ रेषेत आले तेव्हा आवाज मंदावला. ठिपक्यांचे रिंगण दिसले तेव्हा तो थांबला.

बोट आत शिरताना ठिपके बाजूला झाले आणि मागून पुन्हा जुळले. अंकुशने इंजिन बंद केले. आतले पाणी तेलासारखे स्थिर होते. पडद्याच्या कोपऱ्यात खोलीचा आकडा होता, अठरा.

"हीच?" कुसुमने विचारले.

"हीच."

तिने मान हलवली. आकडा सतराचा झाला. अंकुशने भरती-ओहोटीचा हिशेब मनात केला, तो जुळेना. सोळा. बोट जागची हलली नव्हती. चौदा. त्याने वाकून पाण्यात बघितले. खालचा निळा रंग पोपटी होत चालला होता, तळ वर येत होता. त्याचा हात किल्लीवर गेला.

"ऱ्हवांदे," कुसुम म्हणाली.

नऊ.

तिने डेकवर चटई पसरली. चटईच्या सुरकुत्या तळहाताने सारख्या केल्या. मग अगदी एका कडेला सरकून, पाठ अंकुशकडे करून, ती कुशीवर निजली. पाच. पाण्यातून आवाज येत नव्हता. दोन. चटईचा लवूच्या बाजूचा रिकामा अर्धा भाग, ओल्या अंगाने कोणी आडवे व्हावे तसा, आधी काळसर झाला, आणि मग त्यातून पाणी निथळू लागले.