धाकूची शेवटची कावड

कोलशेतच्या मिठागरात धाकूसारखा वजनाचा जाणकार दुसरा नव्हता. कावड खांद्यावर घेतली की कुठल्या टोपलीत मूठभर मीठ जास्त आहे, ते तो डोळे मिटून सांगायचा. एकदा तर म्हणे टोपलीवर माशी बसली, तीसुद्धा त्याच्या खांद्याला कळली!

एकावन्न साली गावदेवीच्या जत्रेत त्याने सागाचे वासे जोडून दोन पाळण्यांचं चक्र उभं केलं. एक पाळणा जमिनीशी, दुसरा थेट ताडाच्या शेंड्याशी.

"ही पण कावडच," तो सगळ्यांना बजावायचा. "दोन्हीकडं सारखं वजन असलं तर माझं एक बोट पुरतं. पण उतरायचं एकेकानं. खालचा एक, मग चक्र फिरवून वरचा एक."

संध्याकाळी वरच्या पाळण्यात गावातल्या कलावती, सखुबाई आणि धाकूची सात वर्षांची, आईविना वाढलेली शीला बसली होती. कलावती होडीत चढली की खाडीला भरती यायची, म्हणून खाली त्यानं चार गडी बसवले होते.

"शीले, मी सांगेपर्यंत उतरायचं नाय गो!"

"नाय उतरत, बाबा!"

इतक्यात ढोल घुमला. देवीची पालखी वळणावर आली. देवी खालून जात असताना माणसानं उंच बसायचं नसतं. खालचे चौघे एकदम उड्या टाकून पाया पडायला धावले.

"अरे, बसा! मुडद्यांनो, बसा!"

कोण ऐकतंय? वरचा पाळणा कलला आणि सुटला. धाकू रिकाम्या पाळण्याला लोंबकळला. त्याच्या वजनानं वेग मोडला. तो वर गेला आणि बायका सुखरूप जमिनीला टेकल्या.

"वाचलो गो बाय!" म्हणत कलावती आणि सखुबाई उतरून पालखीकडे पळाल्या.

आता खाली एकटी शीला, वर धाकू. चक्र धाकूच्या अंगाला कलायला लागलं, शीलेचा पाळणा जमिनीवरून उचलला. आपण असेच खाली गेलो तर पोर वर भिरकावली जाणार, हे त्याच्या खांद्याला कळलं.

त्यानं हात सोडले.

चक्र दोनदा झुललं आणि थांबलं. पालखी पुढं गेली, तेव्हा कुठं लोकांनी मागं बघितलं. धाकू चक्राखालच्या खडकावर पडला होता, मान वाकडी. पाळण्यात शीला दांडी घट्ट धरून बसलेली.

"बाबा, आता उतरू?"