देठ कापलेली पिसं

जंगलखात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी मोरपिसांचा कुंचा उलटा धरला, मुठीवरचा तारेचा वेढा नखानं थोडा सरकवला आणि विचारलं, "बाई, पिसांचे देठ कुठं आहेत?"

अजीजाला आधी प्रश्नच कळेना. देठ कुठं असणार? कापले. कापायचेच असतात. बेगम पेठेतल्या तिच्या घरात सासऱ्यांच्या वेळेपासून मोरचेल बनत होते. मोरचेल म्हणजे दर्ग्याचे सेवक, मुजावर, आलेल्या माणसाच्या डोक्यावरून फिरवतात तो मोरपिसांचा कुंचा. जे जनावराच्या मांसात रुतलेलं होतं ते पिराच्या दारात न्यायचं नाही, अशी घरातली शिस्त. म्हणून पीस हातात आलं की बुडातून दोन बोटं कापायचं, हात धुवायचे आणि मगच विणायला बसायचं. नवरा गेल्यावरही तिनं ही शिस्त सोडली नव्हती. कापलेले देठ संध्याकाळी चुलीत जायचे.

"म्हणजे पुरावा चुलीत घातलात," साहेब म्हणाले.

झालं काय होतं, की गेली काही वर्षं मुंबईचे एक शेटजी तिचे कुंचे परदेशी पाठवत होते. तिकडचे लोक ते दिवाणखान्यात लावतात म्हणे, लावोत बिचारे. यंदा ऐन पौषात अख्खी पेटी बंदरावरून परत आली. दिल्लीचा नवा हुकूम निघाला होता: रानातली जनावरं, पाखरं वाचवायची, म्हणून मोराचं पीस देशाबाहेर जाणार ते फक्त आपोआप गळालेलं, आणि तसा दाखला जंगलखात्यानं द्यायचा. गळालेल्या पिसाचा देठ कोरडा, पांढराफटक असतो. मारून उपटलेल्या पिसाच्या देठाला रक्त असतं. देठ बघायचा, सही करायची, इतकं सोपं काम. आणि अजीजानं देठच ठेवले नव्हते.

हुकूम वाईट आहे असं ती कधी म्हणाली नाही. मोर मारणाऱ्याचे हात झडोत, हे ती स्वतःच म्हणायची. पण ज्या बाईनं जन्मात मेलेल्या मोराचं पीस घरात घेतलं नाही तिनंच चोरासारखं उभं राहायचं, म्हणजे डोकं फिरायचीच गोष्ट की! बरं, साहेबांशी भांडावं तर तीही सोय नाही. गुरुबसप्पा साहेब अक्कलकोटकडचे, सरळ माणूस. उभं राहिलेल्याला खुर्ची द्यायचे, पाणी विचारायचे. लाच मागितली असती तर निदान चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मग तिनं कोंडीबाला बोलावून घेतलं. वैरागच्या पलीकडं एका माळाच्या कडेला त्याची वस्ती होती, आणि सगळी पिसं तिथूनच यायची. माळावर मोर उदंड. श्रावण सरला की त्यांचे पिसारे झडायचे आणि त्याच सुमाराला वस्तीचा भुईमूग शेंगेला यायचा. मोर शेंगा उकरून खायचे, वस्ती काठ्या घेऊन धावायची. अजीजाच्या नवऱ्यानं फार पूर्वी यावर तोड काढली होती. ज्याच्या बांधात पिसं पडतील ती त्याची, आणि सगळी आम्ही घेणार. तेव्हापासून वस्तीनं काठ्या टाकल्या. मोर शेंगा खायचे, लोक पोटभर शिव्या द्यायचे आणि पिसं गोळा करायचे. असं सगळ्यांचं बरं चाललं होतं.

कोंडीबा धुतलेलं धोतर नेसून आला आणि दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यात बसला. शेवटी आत बोलावलं तेव्हा त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं, की पिसं झडलेलीच हायती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि समजावलं, की पिसं विकणाऱ्याची साक्ष चालत नाही. जागेवर पंचनामा पाहिजे, तोही पिसं गळताना. म्हणजे भाद्रपदात. आणि तो पुढच्या मालासाठी चालेल. या पेटीचं मात्र वर विचारावं लागेल.

वर विचारलं. पुण्यानं कळवलं, हा परदेशी व्यापाराचा विषय, मुंबईला विचारा. मुंबईनं कळवलं, हा जंगलाचा विषय, पुण्याला विचारा. आणीबाणीचं वर्ष होतं. कचेरीत सगळे साडेदहाच्या ठोक्याला खुर्चीवर हजर असायचे आणि साडेदहाच्या ठोक्यालाच अजीजाला सांगायचे, अजून काही आलेलं नाही. हेलपाटे घालून तिच्या चपलेचा अंगठा तुटला. पेटीतल्या पिसांना कसर लागली. शेटजींनी पत्राला उत्तर देणं बंद केलं, आणि नवी पिसं घ्यायला तिच्याकडं पैसा उरला नाही.

श्रावणात कोंडीबा पुन्हा आला. चहाची बशी त्यानं तोंडाला लावली नाही.

"भाभी, लोक आता माझं ऐकंनात," तो म्हणाला. "पिसं कुणी घेत न्हाय, मग पाखरं कशापायी पोसायची, म्हनत्यात. साहेबाला एकदा माळावर आना. सरकारचा मानूस डोळ्यानं बघितला की गप बसतील. न्हाईतर यंदा मोर ऱ्हात न्हाईत."

अजीजानं तसाच बुरखा चढवला आणि कचेरी गाठली. आता पेटीचं सोडा, म्हणाली, मोरांचं बघा. साहेबांना पटलं. मनापासून पटलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी लगेच दौरा लिहिला. पण जीप एकच, आणि ती नसबंदीच्या शिबिराला माणसं न्यायला दिली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा शिबिर. त्याच्या पुढच्या आठवड्यात जीप होती, तर डिझेलची मंजुरी नव्हती.

"यष्टी जाते की वैरागला," अजीजा म्हणाली. "तिथून मी बैलगाडी सांगते."

साहेब कसनुसं हसले. यष्टीनं जाऊन केलेला पंचनामा धरतील की नाही, हे त्यांना विचारून घ्यावं लागणार होतं. अजीजाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरे, मोर काय तुमच्या मंजुरीची वाट बघत पिसं धरून बसणार आहेत? हे ती मोठ्यानं बोलली, आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून फायलीत तोंड खुपसून बसला. साहेब रागावले नाहीत. त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवलं. तिनं ते घेतलं नाही.

भाद्रपद अर्धा उलटल्यावर जीप मिळाली. साहेबांनी दाखल्याचा मसुदा टाईप करून घेतला होता, सही तेवढी जागेवर करायची होती. अजीजा मागच्या बाकावर बसली. वैराग मागं पडलं, कच्चा रस्ता लागला, माळ दिसायला लागला. एरवी गाडीचा आवाज आला की मोर ओरडायचे. आज एकही ओरडला नाही. अजीजानं साहेबांकडं पाहिलं. त्यांना हे माळ ठाऊक नव्हते, ते मजेत बाहेर बघत होते.

कोंडीबा बांधावर बसला होता. उठला नाही. त्याच्या मागं भुईमुगाच्या सऱ्यांमध्ये मोर पडले होते, काही ओढ्याच्या कडेला, लांडोरीही होत्या. फवारणीच्या औषधात भिजवलेली ज्वारी अजून इथंतिथं विखुरलेली होती. वस्तीची दारं बंद होती. अजीजा खाली उतरली आणि तिला पुढं पाऊल टाकवेना.

बराच वेळ साहेब सऱ्यांमधून फिरत राहिले. मग आले आणि विचारलं, कुणी केलं हे?

"कोंडीबा. लिवा," कोंडीबा म्हणाला.

साहेबांनी बंद दारांकडं बोट करून पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. साहेब कागद आणायला जीपकडं वळले, तेव्हा तो अजीजाला हळूच म्हणाला, "म्या टाकलं न्हाय भाभी. पर अडवलंबी न्हाय. काय सांगून अडवू?"

साहेब येत्यात, आज येत्यात, उद्या येत्यात, एवढंच ती त्याला महिनाभर कळवत आली होती.

पंचनामा तिथंच झाला. मोर मारणं हा गुन्हा, कबुली समोर, आरोपी हजर. या कामाला पुण्याला विचारावं लागलं नाही, मुंबईला विचारावं लागलं नाही, साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवला आणि घटकाभरात सगळं लिहून काढलं. लिहिताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही, हे अजीजानं पाहिलं. पाहिलं, आणि तिला त्यांची जराही दया आली नाही. कोंडीबानं अंगठा दिला आणि तो जीपमध्ये चढला. त्याच्यामागून अजीजाही चढली.

"बाई, तुम्ही यष्टीनं जा," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "याला ठाण्यात न्यायचंय. आरोपी म्हणून तुमचं नाव यात कुठं नाही."

"तुमचं तरी कुठं हाय, साहेब?" अजीजा म्हणाली.

साहेबांनी दार लावलं. मग पुढं जाऊन बसले, आणि ड्रायव्हरला चल म्हणायलाही विसरले.